उंबरठ्यावरचें कुत्रें

आमच्या गल्लीच्या तोंडाशीं एक तांबडें कुत्रें बसतें. तें कोणाचें म्हणून विचारलें तर कोणीही आपलें म्हणणार नाहीं. पण त्यास कोणीं दगड मारला तर चार खिडक्या एकदम उघडतात. मागील पावसाळ्यांत त्यानें वर्तमानपत्रें टाकणाऱ्या एका मुलाची पोटरी धरली, आणि तेव्हांपासून गल्लींत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, महानगरपालिकेची गाडी बोलवा आणि हें प्रकरण एकदांचें मिटवा; दुसरा म्हणतो, कायद्यानें त्यास येथून कायमचें हलवतां येत नाहीं. दोन्ही तटांतील मंडळी सुशिक्षित, आणि दोघांच्याही हातीं न्यायालयांच्या निकालांचीं कात्रणें. ह्या तंट्यांत आम्हांस मध्यस्थ नेमण्यांत आलें, तें आमच्या शहाणपणावर भिस्त ठेवून नव्हे; इतिहासाचा मास्तर जिवंत माणसांच्या भांडणांत कोणाच्याच बाजूचा नसतो अशी लोकांची समजूत असते म्हणून. मध्यस्थी आम्हांस साधली नाहीं. पण त्या निमित्तानें ह्याच शहरांत, ह्याच प्राण्यावरून, सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं झालेल्या एका रणकंदनाची आठवण झाली, ती वाचकांपुढें ठेवावी असें मनांत आहे.

इसवी सन १८३२ ची मुंबई आज डोळ्यांपुढें आणणें कठीण आहे. आगगाडी यावयास अजून एकवीस वर्षें होतीं. बेटें पुरतीं सांधलीं गेलीं नव्हतीं. कुलाब्याच्या छावणींत जावयाचें तर भरती-ओहोटीचें मान पाहावें लागे, कारण तिकडचा बांध १८३८ सालीं पुरा झाला. शहर म्हणजे तटबंदीच्या आंतील कोट आणि त्याच्या बाहेर वाढत चाललेली एतद्देशीयांची वस्ती. कोटाच्या दक्षिणभागीं साहेबलोक, उत्तरभागीं पारशी व वाणी व्यापारी. गल्ल्या अरुंद, घरें एकमेकांस चिकटलेलीं, आणि ह्या गल्ल्यांतून कुत्रीं फार. कंपनी सरकारनें १८१३ सालींच नियम करून ठेवला होता कीं, वर्षांतून दोन वेळां, म्हणजे १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ह्या उन्हाच्या दिवसांत, मोकाट कुत्रीं मारावीं.

कोणताही जुना नियम वाचतांना त्याच्या पाठीमागची भीति आधीं वाचावी, असें आम्ही वर्गांत नेहमीं सांगतों. ही भीति खोटी नव्हती. पिसाळलेल्या श्वानाच्या विषास आपल्या वैद्यांनीं 'अलर्कविष' म्हटलें आहे, आणि पाण्याचें भय हें त्याचें लक्षण सुश्रुतानें नोंदलें आहे. गंमत अशी कीं, ज्या अध्यायांत हा विषय येतो तो मुळांत उंदरांच्या विषाचा अध्याय आहे. उंदीर आणि कुत्रा ह्यांची ही जोडी पुढें मुंबईच्या इतिहासांतही आपणांस भेटणार आहे. पाश्चरनें योझेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास पहिली लस टोचली ती १८८५ सालीं. त्यापूर्वीं पिसाळलेलें कुत्रें चावलें म्हणजे डाग देणें, मंत्र घालणें आणि वाट पाहणें, एवढेंच माणसाच्या हातीं होतें. रोग एकदां उमटला म्हणजे मरण जवळजवळ ठरलेलें, हें तर आजही खरें आहे. तेव्हां कोटांतील ज्या मॅजिस्ट्रेटानें कुत्रीं मारण्याचा नियम अंमलांत आणला त्यास निर्दय म्हणण्याची घाई आम्ही करणार नाहीं.

मग १८३२ सालीं बिघडलें कोठें? नियम एकोणीस वर्षें चाललाच होता. त्या वर्षीं पहिल्या मोसमाची मुदत १५ मे ऐवजीं १५ जूनपर्यंत वाढविण्यांत आली. शिवाय मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस होतें. पहिली गोष्ट कागदावर अगदीं क्षुल्लक दिसते, आणि कोणत्याही कचेरींतील कारकुनानें ती डोळे मिटून नकलून घेतली असती. पण खरी मेख आठ आण्यांत होती. पिसाळलेलें कुत्रें धरावयाचें तर जीव धोक्यांत घालावा लागतो; ओसरीवर पहुडलेलें माणसाळलेलें कुत्रें धरावयास पावाचा एक तुकडा पुरतो; आणि मोल मात्र दोहोंचें सारखेंच. ज्याचें पोट ह्या बक्षिसावर तो कोणतें कुत्रें धरील हें सांगावयास अर्थशास्त्र नको. लवकरच दारांतलीं, अंगणांतलीं, एवढेंच नव्हे तर घरांत शिरून धरलेलीं कुत्रीं मारलीं जाऊं लागलीं. कुत्रीं मारणाऱ्यांची बाजू कोणीं लिहून ठेवलेली नाहीं. ते कोण होते, त्यांच्या घरीं आठ आण्यांत काय शिजत असे, ह्याविषयीं इतिहास मुका आहे. इतिहास लिहिणारे सहसा कुत्रें पाळणाऱ्यांच्या वर्गांतले असतात.

आतां पारशी लोकांस कुत्रें म्हणजे काय, हें समजल्याशिवाय पुढील हकीकत हास्यास्पद वाटेल, आणि त्या वेळच्या कित्येक इंग्रजांस ती तशी वाटलीही. वेंदिदाद ह्या त्यांच्या धर्मग्रंथाचा तेरावा भाग बहुतेक कुत्र्यांसाठींच खर्चीं पडला आहे: कळपाच्या कुत्र्यास मारलें तर काय शिक्षा, घराच्या कुत्र्यास मारलें तर काय, त्यास वाईट अन्न घातलें तर काय. मनुष्य मृत झाल्यावर त्याच्या देहापुढें कुत्रें आणून त्याची नजर देहावर पाडतात. त्या विधीस 'सगदीद' म्हणतात. डोळ्यांवर दोन ठिपके असलेलें, म्हणजे चार डोळ्यांचें, कुत्रें त्यास उत्तम. परलोकाच्या पुलापाशींही कुत्रे राखण करीत असतात अशी श्रद्धा आहे. ज्या प्राण्याच्या नजरेवांचून आपल्या बापाचा अंत्यविधि पुरा होत नाहीं, त्याला आठ आण्यांसाठीं डोळ्यांदेखत सोट्यानें मारलेलें कोण पाहून घेईल? आपण मराठी लोकांनीं तरी नाक मुरडूं नये. दत्ताच्या पायांशीं बसणाऱ्या चार श्वानांस आपण चार वेद मानतों, खंडोबाच्या दारीं वाघ्या होऊन भुंकतों, आणि शाहूछत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधि माहुलीच्या संगमावर आजही आहे. हेंही खरें कीं, त्याच शब्दानें आपण दुसऱ्यास शिवीही देतों.

१८३२ च्या जूनची ६ तारीख हा पारशांचा सणाचा दिवस होता. त्या दिवशीं कुत्रीं धरणाऱ्या दोघां युरोपियन शिपायांस कोटांत सुमारें दोनशें पारशांच्या जमावानें गांठून मारलें. दुसऱ्या दिवशीं दुकानें उघडलीं नाहींत. पारशांच्या जोडीस हिंदु, जैन व मुसलमान व्यापारीही आले. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारे पाव, मांस, पाणी अडविण्यांत आलें. एका न्यायाधीशाच्या गाडीवर घाण फेकण्यांत आली. अखेर लष्कर बोलावून जमाव पांगविला, पुढाऱ्यांस पकडलें, कांहींवर खटले चालले. दोन दिवसांत सारें थंड झालें. वीस-पंचवीस ओळींत संपणारें हें प्रकरण. पण छावणीच्या भाकरीवर कोणाचा हात आहे हें कंपनी सरकारला त्या दोन दिवसांत जितकें स्पष्ट कळलें तितकें क्वचितच कळलें असेल.

जेसी पालसेतिया ह्यांनीं २००१ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत ह्या दंग्यावर एक मार्मिक निबंध लिहिला आहे. पारशी समाज व इंग्रज सत्ता ह्यांच्या संबंधांत ह्या दंग्याचें स्थान काय हा त्यांचा विषय. आमचें लक्ष त्यांतील एका बारीक गोष्टीवर खिळलें. नियमाच्या दृष्टीनें कुत्र्याचे दोनच वर्ग होते, धन्याचें आणि बेवारशी. पण कोटांतल्या गल्लींत बहुतेक कुत्रीं ह्या दोहोंपैकीं कोणत्याच वर्गांत बसत नव्हतीं. तीं गल्लीचीं होतीं. त्यांस पट्टा नव्हता, पण नांव होतें; घर नव्हतें, पण उंबरठा होता. इंग्लंडांतील कायद्याची भाषा बोलणाऱ्या माणसास हा तिसरा वर्ग दिसेना, आणि ज्याला तो दिसत होता त्याला कायद्याची भाषा येत नव्हती. सोट्यानें जें मारलें गेलें तें सरकारच्या वहींत बेवारशी कुत्रें होतें, आणि गल्लीच्या हिशेबीं शेजारी.

दंग्यानंतर दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई आणि शहरांतले जैन-हिंदु शेटिये ह्यांनीं मिळून मुंबईचें पांजरपोळ स्थापन केलें. जमशेटजींस 'सर' ही पदवी मिळावयास अजून आठ वर्षें होतीं, पण चीनच्या व्यापारांत मिळवलेला पैसा व सरकारदरबारीं शब्द, दोन्ही त्यांच्यापाशीं होतीं. व्यापारावर लागा बसवून त्यांतून मुक्या जनावरांचा खर्च चालविण्याची वाण्यांची रीत गुजराथेंत जुनीच होती. तीच येथें आली. ज्या जनावरास सरकार रस्त्यावर नको म्हणतें, त्यास नेऊन ठेवावयास आतां एक जागा झाली. भुलेश्वराजवळ ती जागा आजही आहे, आणि तेथें गाईंस चारा घालणाऱ्यांची सकाळीं रीघ लागलेली असते. दंग्यानें जें साधलें नाहीं तें ह्या जागेनें साधलें असें आम्ही समजतों. तथापि एक गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं: पांजरपोळाच्या वहींत पुण्य जमा झालें तें शेटियांच्या नांवें, आणि कुत्रीं चावत राहिलीं तीं रस्त्यावर निजणाऱ्यांस. पुण्य एकाचें आणि चावा दुसऱ्याचा, हा मुंबईच्या भूतदयेचा जुना दोष आहे.

ह्यानंतर बासष्ट वर्षांत मुंबई कापसावर पोसून अफाट झाली, कोटाच्या भिंती पडल्या, गिरण्या आल्या, आणि १८८८ सालीं म्युनिसिपालिटीचा मोठा कायदा झाला. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉक्टर आकासियु गाब्रिएल व्हिएगस ह्यांनीं प्लेगचा पहिला रोगी ओळखला. येथें आपला उंदीर प्रवेश करतो. तो माणसांच्या आधीं मरत होता, पण त्याच्या मरणाचा अर्थ कोणास नीट लागला नव्हता. १८९७ सालीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि सरकारनें पुन्हां तेंच केलें जें आठ आण्यांच्या लोभानें कुत्रें मारणाऱ्यानें केलें होतें: उंबरठा ओलांडला. पुण्यांत सोजीर माजघरांत, देवघरांत शिरले. त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजीं रँडच्या खुनांत कसा झाला, तें मराठी वाचकांस सांगावयास नको. मुंबईंतही ९ मार्च १८९८ रोजीं एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगा उसळला. आणि ह्यांतला विपर्यास असा कीं, ज्या वेळीं सरकार माणसांचीं घरें उलथीं-पालथीं करीत होतें, त्या वेळीं रोगाचा खरा वाहक भिंतींतल्या बिळांत स्वस्थ होता. उंदरावरच्या पिसवेमार्फत रोग पसरतो हें पोल-लुई सिमों ह्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचींत प्रयोग करून दाखविलें. त्याचें तेव्हां कोणीं फारसें ऐकलें नाहीं. परळच्या प्रयोगशाळेंत १९०५ पासून पुढें दोन-तीन वर्षें झालेल्या कामानें तें निर्विवाद ठरलें. उंदीर मारण्याचें काम मुंबईंत अद्याप चालू आहे. महानगरपालिकेच्या कीटकनाशक खात्यांतील माणसें रात्रीं काठी व विजेरी घेऊन गल्लोगल्लीं हिंडतात. उंदीर प्रत्यक्ष गणपतीचें वाहन, तरी त्याच्यासाठीं कोणीं दुकानें बंद ठेवल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. श्रद्धेचें शास्त्र असें सोईस्कर असतें.

शहरांतून जनावरें हलविण्याचा एक प्रयत्न मात्र बराचसा तडीस गेला, तो म्हशींचा. गौळवाड्यांतले तबेले, त्यांतील शेण, माश्या, आणि पाणी घातलेलें दूध ह्यांविरुद्ध आरोग्यखातें पुष्कळ वर्षें ओरडत होतें. १९४९ सालीं दारा खुरोडी ह्यांच्या पुढाकारानें गोरेगांवच्या बाजूस आरे येथें दुग्धवसाहत उभी राहिली. तेथें सुमारें १६ हजार जनावरांची सोय होती. गवळ्यांस गोठे, पाणी, वैद्य आणि दुधास ठरलेला गिऱ्हाईक आधीं मिळाला, मग म्हशी हलल्या. सगळे तबेले हलले असें नव्हे. पण म्हशींवरून लष्कर बोलवावें लागलें नाहीं.

कुत्र्यांविषयीं मात्र शहर १८१३ च्याच नियमावर चालत राहिलें. मारण्याचीं साधनें बदललीं, बक्षिसाच्या जागीं पगार आला, एवढेंच. दरवर्षीं हजारों कुत्रीं मारलीं जात, आणि दुसऱ्या वर्षीं तितकींच पुन्हां दिसत. कारण रिकाम्या झालेल्या गल्लींत शेजारच्या गल्लींतलीं कुत्रीं येऊन बसतात व उकिरड्याच्या मानानें पिल्लें वाढतात. १९९४ च्या सुमारास मुंबईनें मारणें सोडून निर्बीजीकरणाचा मार्ग धरला. मूळ कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा. त्याखालीं केंद्र सरकारनें २००१ सालीं श्वानांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले, आणि १० मार्च २०२३ रोजीं त्यांच्या जागीं नवे आणले. ह्या नव्या नियमांत एक शब्द आम्हांस आढळला तेव्हां आम्ही खुर्चींत सरसावून बसलों. मालकी कोणीं सांगितलेली नाहीं अशा वस्तींतील जनावरास तेथें 'सामुदायिक प्राणी' म्हटलें आहे. म्हणजे कोटांतल्या गल्लीला जो तिसरा वर्ग ठाऊक होता, तो कायद्याच्या कागदावर यावयास १९१ वर्षें लागलीं.

शब्द आला म्हणून प्रश्न सुटला असें मात्र नाहीं. आमच्या लहानपणीं चाळींतल्या एका मुलास कुत्रें चावलें होतें. त्यास रोज इस्पितळांत नेऊन पोटांत सुई टोचीत; अशा चौदा सुया. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस ह्या देशांत २००५ च्या सुमारापर्यंत चालू होती. तो मुलगा सकाळीं जिन्याच्या कठड्यास मिठी मारून बसे, आणि त्याच्या आईस बोटें एक-एक सोडवावीं लागत. जगांत रेबीजनें मरणाऱ्यांपैकीं सुमारें ३६ टक्के भारतांत मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत मुलांचा भरणा फार मोठा. शंभरांतल्या सत्तर कुत्र्यांस लस टोचली तर रोगाची सांखळी तुटते असें शास्त्र सांगतें; तितकीं कुत्रीं आमची कोणती नगरपालिका वर्षानुवर्षें टोचीत राहिली आहे? निर्बीजीकरण करावें व परत सोडावें, हा नियम उत्तम. पण ज्या शहरांत पहिली गोष्ट कागदावर होते आणि दुसरी तेवढी खरोखर होते, तेथें लोकांचा संताप कुत्र्यावर निघाला तर नवल नाहीं.

२०२५ सालीं हा संताप सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ११ ऑगस्ट रोजीं दोन न्यायमूर्तींनीं दिल्लींतील सर्व मोकाट कुत्रीं उचलून निवाऱ्यांत ठेवावीं असा हुकूम केला. अकरा दिवसांनीं तीन न्यायमूर्तींनीं तो बदलून, पिसाळलेलीं व अंगावर येणारीं सोडून बाकीचीं टोचून व निर्बीज करून त्याच जागीं सोडावीं, आणि त्यांस अन्न घालण्याच्या जागा ठरवून द्याव्या असें सांगितलें. ७ नोव्हेंबर रोजीं शाळा, इस्पितळें, स्थानकें वगैरे ठिकाणांहून उचललेलीं कुत्रीं तेथें परत सोडूं नयेत असा आणखी हुकूम झाला. हे हुकूम वाचतांना १५ मेची १५ जून करणाऱ्या त्या जुन्या कागदाची आम्हांस आठवण होत होती.

आणि त्याच वर्षीं मुंबईंत कबुतरांवरून तंटा पेटला. कबुतरांच्या विष्ठेनें फुप्फुसांचा रोग होतो म्हणून शहरांतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचें ठरलें. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घालण्यांत आली, आणि ६ ऑगस्ट रोजीं जमलेल्या लोकांनीं ती फाडून काढली. जमावांत जैन मंडळी पुष्कळ होती. त्या दिवशींचीं छायाचित्रें पाहून आमचे एक सहाध्यापक हंसले. आम्हांस हंसूं आलें नाहीं. दमेकरी म्हातारीची खिडकी खरी, आणि तीन पिढ्या मूठभर जोंधळे टाकून मगच दुकान उघडणाऱ्याचा नेमही खरा. पुढें समुद्राकडच्या व शहराच्या कडेच्या कांहीं जागीं, सकाळच्या ठराविक वेळीं, दाणे घालण्याची तात्पुरती सोय करण्यांत आली. ती आधीं करून मग ताडपत्री आणली असती तर काय झालें असतें, हें विचारण्याचा मोह इतिहासाच्या मास्तरास आवरत नाहीं.

आमच्या गल्लीचें काय झालें म्हणाल, तर कुत्र्यास निर्बीज करून व टोचून परत आणून सोडलें आहे; त्याचा कान निशाणीसाठीं छाटलेला आहे. अन्न कोठें घालावें ह्यावर मात्र दोन बैठका झाल्या. २०२३ च्या नियमांत तें मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून व येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावें असें म्हटलें आहे, आणि आमच्या गल्लींत ह्या तिहींपासून दूर अशी जागाच नाहीं. एका गृहस्थांनीं शेवटीं मोजपट्टी आणली. वर्तमानपत्रें टाकणाऱ्या मुलाच्या दंडांत पांच सुया टोचून झाल्या. त्यासाठीं त्याचे कामाचे पांच दिवस बुडाले. ते पैसे कोणीं भरून द्यावे हा विषय दोन्ही तटांपैकीं कोणींही काढला नाहीं, आणि मध्यस्थ असूनही आम्हांस तो घरीं आल्यावर सुचला. तिसरी बैठक येत्या रविवारीं आहे. तींत तेवढा विषय मांडावयाचा आहे.